इंधन घट : वीज कशी तयार होते आणि शेतीला तिचा उपयोग किती?



हरभऱ्याचे घाटे भरू लागले की पाण्याची पाळी चुकवता येत नाही. थ्री फेज वीज मात्र पाळीपाळीने येते आणि कित्येकदा ती रात्रीच असते. थंडीत, अंधारात, विंचूकाट्याची भीती मनात ठेवून पाणी द्यावे लागते. म्हणूनच 'पाण्यापासून वीज', 'धूर न करणारे जनित्र', 'हायड्रोजनवर चालणारी बस' अशा बातम्या वाचल्या की आपल्या मोटारीलाही असे काही बसवता येईल का, हा प्रश्न मनात येतो. या सर्व बातम्यांच्या मुळाशी असलेले साधन म्हणजे इंधन घट, म्हणजेच फ्युएल सेल. ते कसे चालते व आपल्या भागात त्याचा उपयोग किती, हे हिशेबासह समजून घेऊ.

नेहमीची वीज आणि इंधन घटाची वीज

अकोल्याहून रेल्वेने शेगावकडे जाताना पारसचे औष्णिक वीज केंद्र लागते. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरते, टर्बाइन जनित्राला फिरवते आणि मग वीज मिळते. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा वाया जाते. अशा केंद्रात कोळशातील १०० भाग उष्णतेपैकी साधारण ३५ भागांचीच वीज होते.

इंधन घटात हे मधले टप्पे नसतात. तेथे जाळ नाही, वाफ नाही, फिरणारे चाकही नाही. इंधन आणि हवेतील प्राणवायू यांचा रासायनिक संयोग होतो आणि त्यातून थेट वीज मिळते. त्यामुळे इंधनातील ऊर्जेपैकी ४० ते ६० टक्के ऊर्जा विजेच्या रूपाने हाती येते.

ट्रॅक्टरच्या बॅटरीतही रासायनिक क्रियेनेच वीज मिळते. पण बॅटरीतील द्रव्य संपले की ती पुन्हा चार्ज करावी लागते. इंधन घट चार्ज करावा लागत नाही. चुलीत काड्या सारत राहिलो तर चूल पेटती राहते, तसे बाहेरून इंधन व हवा मिळत राहिली की घट वीज देत राहतो.

घटाच्या आत काय घडते?

सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकारात दोन सच्छिद्र इलेक्ट्रोड असतात व त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम या महाग धातूचे अतिशय बारीक कण असतात. पुढील क्रिया क्रमाने होते.

१) एका बाजूने हायड्रोजन वायू सोडतात. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनच्या अणूचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असे दोन भाग होतात.

२) मधला पडदा फक्त प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो.

३) अडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून दुसऱ्या बाजूला जातात. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. याच तारेत आपण दिवा किंवा मोटार जोडतो.

४) दुसऱ्या बाजूला हवेतील प्राणवायू असतो. तेथे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्राणवायू एकत्र येऊन पाणी तयार होते.

शिल्लक राहते ते पाणी आणि थोडी उष्णता. अशा एका घटाचा दाब चालू स्थितीत ०.६ ते ०.७ व्होल्ट एवढाच असतो. म्हणजे १२ व्होल्टसाठी सुमारे १८ ते २० घट एकापुढे एक रचावे लागतात. मिळणारी वीज डीसी असते. थ्री फेज मोटार चालवायची तर मध्ये इन्व्हर्टर लागतो.

ही कल्पना नवीन नाही

१८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन व प्राणवायू यांपासून वीज मिळवून दाखवली. ते व्यवसायाने वकील होते व पुढे न्यायाधीश झाले. परंतु प्रत्यक्ष उपयोग होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-५ यानात इंधन घट वापरले गेले. पुढे अपोलो यानांत घटांतून निघणारे पाणी अंतराळवीर पीत असत.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने आणि केपीआयटी या कंपनीने मिळून देशी बनावटीचा घट तयार केला. २०२० मध्ये त्यावर मोटारगाडीची चाचणी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात इंधन घटावर चालणारी बस लोकांसमोर आली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग

मुलांना बरोबर घेऊन हा प्रयोग करावा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिलींना दोन्हीकडून टोके करा व त्या पाण्यात उभ्या धरा. ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या तारा वरच्या टोकांना जोडा. खालच्या टोकांवर बुडबुडे येऊ लागतील. ऋण टोकाकडे हायड्रोजन व धन टोकाकडे प्राणवायू निघतो. दोन-तीन मिनिटांनी बॅटरी काढून टाका व त्याच पेन्सिलींना मीटर लावा. बॅटरी नसतानाही मीटर थोडा वेळ व्होल्ट दाखवील. पेन्सिलींना चिकटलेले वायू पुन्हा एकत्र येत असतात. हाच आपला इंधन घट.

दक्षता : घरातील लाइनची वीज कधीही वापरू नये. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघू शकतो. जवळ काडी पेटवू नये.

मुख्य प्रश्न : हायड्रोजन आणायचा कोठून?

या प्रयोगात एक गोष्ट ध्यानात येईल. वायू मिळाले ते बॅटरीची वीज खर्च करून. पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख होय, आणि राखेवर पुन्हा चूल पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीही घटातून परत मिळत नाही.

आता पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा हिशेब पाहू. ती तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेते. आठ तासांचे ३६ युनिट झाले. एक किलो हायड्रोजनपासून घट साधारण १६ ते १७ युनिट देतो. म्हणजे एका रात्रीस सव्वादोन किलोच्या आसपास हायड्रोजन हवा. सात घनमीटरच्या औद्योगिक सिलिंडरमध्ये तो जेमतेम ६०० ग्रॅम मावतो. म्हणजे रात्रीला चार सिलिंडर झाले.

हा हायड्रोजन सौर विजेने पाण्यातून काढायचा म्हटले, तर किलोला ५० ते ५५ युनिट लागतात. ३६ युनिट परत मिळवण्यासाठी सुमारे ११५ युनिट खर्ची पडतात. चांगली बॅटरी मात्र १०० युनिटपैकी ८५ ते ९० परत देते. शिवाय या कामाला अतिशय शुद्ध पाणी लागते, किलोमागे किमान नऊ लिटर. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणी आधी शुद्ध करूनच वापरावे लागेल.

शेण, पऱ्हाटी आणि कुटार

हायड्रोजन फक्त पाण्यातच असतो असे नाही. तो शेणात, पऱ्हाटीत, तुराट्यांत आणि सोयाबीनच्या कुटारातही असतो. म्हणून हा विषय आपल्या शेताशी येऊन भिडतो.

गोबरगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. सुमारे ६०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानावर चालणारे सॉलिड ऑक्साइड प्रकारचे घट मिथेनवरही चालतात. एक घनमीटर गोबरगॅसपासून त्यात तीन युनिटपर्यंत वीज मिळू शकते. इंजिन-जनित्रातून दीड युनिटच्या आसपास मिळते. म्हणजे मोटारीच्या ३६ युनिटसाठी या घटाला १२ घनमीटर गॅस हवा. त्यासाठी ३०० किलो शेण, म्हणजे सुमारे तीस जनावरे लागतात. दोन बैल आणि एक गाय असलेल्या घराचे हे काम नव्हे. मोठा गोठा, गोशाळा किंवा दूध संस्था यांच्यासाठी मात्र ते विचार करण्याजोगे आहे. गोबरगॅसमधील हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधीयुक्त वायू घटाला बाधतो. तो आधी पूर्ण काढावा लागतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने भात, गहू, मका यांच्या अवशेषांपासून सूक्ष्म जीवाणूंच्या साह्याने हायड्रोजन व त्यानंतर मिथेन मिळवण्याचे तंत्र विकसित केले आहे. आपली पऱ्हाटी या अवशेषांपेक्षा लाकडासारखी टणक. जीवाणूंना ती सहज पचत नाही. ती कमी हवेत तापवून वायू करता येतो. त्या वायूत हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही असतात. परंतु त्यातील डांबर काढून टाकणे खर्चाचे असते आणि कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या घटाला निकामी करतो.

हायड्रोजन आधीच आपल्या शेतात येतो

युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच बनतो, आणि हा हायड्रोजन आपल्याकडे मुख्यत: नैसर्गिक वायूपासून काढतात. ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. तेवढ्यात वरील हिशेबाने आपली मोटार दोन रात्री चालली असती. म्हणून गोणी वाया घालवणे म्हणजे इंधन वाया घालवणेच. माती परीक्षण करून शिफारशीप्रमाणेच खत द्यावे, सोयाबीन-तुरीला जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया करावी. हायड्रोजनची ही बचत आजच आपल्या हाती आहे.

आज काय करावे?

१) केवळ पाणी ओतून पंप किंवा जनित्र चालते असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास एक रुपयाही देऊ नये. 'हायड्रोजन कोठून येणार?' एवढेच विचारावे.

२) ओलितासाठी इंधन घट घेण्याची घाई करू नये. त्याची किंमत, प्लॅटिनम, हायड्रोजनचा पुरवठा व दुरुस्ती या अडचणी शेतावर अजून सुटलेल्या नाहीत. आज बस, मालमोटारी आणि अखंड वीज लागणारी ठिकाणे यांना तो अधिक योग्य आहे.

३) रात्रीचे ओलित टाळायचे असेल तर सौर पंपाचा विचार करावा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अर्जापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

४) वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणे स्वस्त पडते. उन्हात शेततळे भरून ठेवावे व दिवसाच तुषार किंवा ठिबक संचाने पाणी द्यावे.

५) शेण असेल तर गोबरगॅस संयंत्र बांधावे. स्वयंपाकाचे इंधन व स्लरीचे खत असा दुहेरी लाभ होतो. पुढे गावपातळीवर घट आलेच, तर त्यांना लागणारा गॅस हाताशी असेल.

६) पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये. तिच्यात गुलाबी बोंडअळी टिकून राहते. वेळेवर उपटून, बारीक करून कंपोस्ट करावे.

इंधन घट हे चांगले यंत्र आहे, पण तो ऊर्जेचा झरा नव्हे. जेवढे इंधन आत जाईल त्याच्या मानानेच वीज बाहेर येईल. उद्या हे इंधन वऱ्हाडातल्या शेणापासून आणि कुटारापासून मिळू लागले, तर त्याचा भाव ठरवताना शेतकरी जाणकार असला पाहिजे. त्यासाठी हा हिशेब आजच वहीत लिहून ठेवावा.