हवाच ती, पण कोंडलेली!

बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळा असो की इंदूरमधील मोटारदुरुस्तीचे वर्कशॉप, पाळी सुटण्याच्या वेळी एक दृश्य हटकून दिसते. कामगार ब्लो गन उचलतो, लेथवरचा लोखंडी कीस एका झोतासरशी उडवून देतो आणि मग तोच झोत आपल्या सदऱ्यावर व केसांवर फिरवून घरी जाण्यास सिद्ध होतो. पहिले काम जपून केले तर उपयोगाचे आहे. दुसरे मात्र कधीही करू नये. “हवाच ती, तिने काय होणार?” हा समजच या सवयीच्या मुळाशी असतो.

काँप्रेसरच्या टाकीत हवा साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला 6 ते 8 किलोग्रॅम दाबाने कोंडलेली असते. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या सुमारे तिप्पट हा दाब होय. बारीक तोंडातून सुटलेला असा झोत एखाद्या जखमेवाटे कातडीखाली शिरला तर तो भाग फुगतो. हवेचा बुडबुडा रक्तवाहिनीत गेला तर प्राणावर बेतते. कानाचा पडदा फाटू शकतो, उडालेला कीस डोळ्यांत रुतू शकतो. थट्टेच्या भरात सोबत्याच्या गुदद्वारापाशी झोत सोडल्याने आतडी फाटून माणसे दगावल्याचे प्रकार भारतातही घडले आहेत. अंगावरचे कपडे या हवेला अडवीत नाहीत. म्हणून गन माणसाकडे रोखणे ही थट्टा नव्हे, अपराध होय.

अमेरिकेतील नियमानुसार सफाईच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला 30 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 2.1 किलोग्रॅमपेक्षा, कमी राखावा लागतो. शिवाय उडणारा कीस अडविण्याची सोय आणि संरक्षक साधने आवश्यक ठरतात. हा दाब रेग्युलेटरने उतरविता येतो. बाजूस छिद्रे असलेले नोझल घेतल्यास पुढचे तोंड अंगाला टेकून बंद झाले तरी हवा बाजूने निसटते आणि दाब साचत नाही. ही छिद्रे बुजविणे म्हणजे आपणच आपला पहारेकरी झोपविणे होय.

भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमातच डोळ्यांच्या रक्षणासाठी 35 वे कलम घालण्यात आले होते. गन हाती घेताना बाजूने बंद असलेला चष्मा लावावा, कानांत बोळे घालावेत आणि आसपास कोणी उभे नाही याची खात्री करावी. जेथे कुंचल्याने भागते तेथे हवेचे कामच नाही. कपडे झटकण्यासही कुंचलाच बरा.

निगा फार कठीण नाही. टाकीतील साचलेले पाणी रोज सोडावे, नाहीतर टाकी आतून गंजते. नळीला चिरा पडल्या असल्यास ती बदलावी. सांधा तारेने न आवळता योग्य क्लॅम्पने बसवावा. साबणाचे पाणी लावताच गळतीच्या जागी बुडबुडे येतात. बोट उचलताच घोडा आपोआप परतला पाहिजे. अडकत असेल तर ती गन वापरातून काढावी. नोझल बदलण्यापूर्वी हवेची तोटी बंद करून घोडा दाबावा व नळीतील उरलेली हवा सोडून द्यावी. नळी दुमडून हवा अडविणे हा उपाय नव्हे.

हे सारे करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. गेलेला डोळा मात्र कोणत्याही काँप्रेसरला परत आणता येत नाही.