हरि नारायण आपटे यांच्या स्फुट गोष्टी : अंक आणि पुस्तक

कै. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्यांचा इतिहास बहुतेकांस अवगत आहे. त्यांच्या लहान गोष्टींच्या मुद्रणाकडे मात्र फारसें लक्ष जात नाहीं. ह्या गोष्टी मूळच्या ‘करमणूक’ पत्रांतल्या. तें साप्ताहिक हरिभाऊंनीं १८९० सालीं पुण्यास काढलें आणि १९१७ पर्यंत चालविलें. क्रमशः चालणाऱ्या कादंबरीच्या शेजारीं, एका किंवा थोडक्या अंकांत पुरी होणारी जी कथा येई ती ‘स्फुट गोष्ट’. संस्कृतांत ‘स्फुट’ म्हणजे उमललेलें, स्पष्ट. मराठींत तो शब्द सुटें, किरकोळ या अर्थीं रूढ झाला, आणि संग्राहकांनीं ह्या गोष्टींस दुसऱ्या अर्थानेंच वागविलें.

पुढें ‘स्फुट गोष्टी’ या नांवानें चार भाग निघाले. ‘काळ तर मोठा कठीण आला’, ‘डिस्पेप्शिया’ इत्यादि गोष्टी आज वाचावयास मिळतात त्या अशा संग्रहांमुळें. परंतु पुस्तक झालें म्हणजे अंकाचें काम संपलें, ही समजूत घातक होय. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा. ती कोणत्या वर्षीं, कोणत्या मजकुराच्या जोडीस वाचकांपुढें आली, हें अंकच सांगूं शकतो.

हरिभाऊ ज्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहात, तेथें पोथ्या मिळवून व पाठ ताडून संस्कृत ग्रंथ छापले जात. ती संस्था त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं स्थापिली. पोथीस जी दृष्टि लावावयाची तीच ह्या छापील पानांसही लावली पाहिजे.

प्रस्तुत लेखक या बाबतींत निरपराध नाहीं. तरुणपणीं ‘करमणुकी’चा एक विस्कळित गठ्ठा हातीं आला असतां आम्हीं कादंबरीचीं पानें तेवढीं निवडून बांधून घेतलीं, उरलेलीं रद्दींत गेलीं, आणि बांधणाऱ्यानें कडा छाटतांना तारखांचे मथळेही उडविले. पुढें एका गोष्टीचा काल ठरविण्याचा प्रसंग आला, तेव्हां आमच्या त्या सुबक बांधणींत कादंबरीच्या पाठपृष्ठावर तिचा शेवट तेवढा निघाला. आरंभ नाहीं, तारीख नाहीं.

म्हणून ज्यांच्यापाशीं सुटे अंक असतील त्यांनीं ते न छाटतां, जाहिरातींसह जसेच्या तसे ठेवावे, आणि प्रत्येक गोष्टीपुढें वर्ष, अंक व पृष्ठ टिपून ‘स्फुट गोष्टी’च्या चार भागांशीं ती ताडून पाहावी.