पंखांवरून नातं ठरत नाही

पावसाळा सरत आला की खारघरची टेकडी, पारसिकचे उतार, पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य फुलपाखरांनी गजबजतं. फोटोवरून नाव ओळखणं बऱ्याच जणांना जमतं. नातं ओळखताना गल्लत होते. नात्याचा पुरावा पेशीतल्या डीएनएत असतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा वेगळा, वर्तुळाकार डीएनए असतो. फुलपाखरांत त्याची लांबी साधारण १५ ते १६ हजार अक्षरं असते आणि त्यात ३७ जनुकं असतात.

गैरसमज १ : सारखी दिसणारी फुलपाखरं सख्खी नातलग.

वस्तुस्थिती : रुईवर वाढणारं प्लेन टायगर बेचव असतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचाच फायदा उठवत डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचं नारिंगी सोंग घेते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. ही दोन्ही फुलपाखरं वेगवेगळ्या उपकुळांतली आहेत. डीएनए वाचला की सोंग उघडं पडतं.

गैरसमज २ : पतंग वेगळे, फुलपाखरं वेगळी, आणि स्किपर तर धड फुलपाखरूच नाही.

वस्तुस्थिती : फुलपाखरं ही पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहे, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. जाड अंगाच्या स्किपरना पूर्वी बाकीच्या फुलपाखरांपासून वेगळं काढत. जनुकीय अभ्यासांतून दिसलं ते उलटंच : आधी वेगळं झालं ते पॅपिलिओनिडी कुळ. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन याच कुळातलं. म्हणजे प्लेन टायगरला ब्लू मॉर्मनपेक्षा स्किपर जवळचं.

गैरसमज ३ : मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे पूर्ण वंशावळ.

वस्तुस्थिती : तो फक्त आईकडून येतो, बापाकडचा इतिहास त्यात नसतो. शिवाय वोल्बाखिया नावाचा जीवाणूही आईकडूनच पिल्लांत उतरतो. तो पसरला की त्याच्याबरोबर एकाच घराण्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए साऱ्या जातीत पसरू शकतो. सोंगाचं गुपितही तिथे सापडत नाही. कॉमन मॉर्मनच्या माद्यांची विषारी रोझ फुलपाखरांसारखी रूपं ‘डबलसेक्स’ या केंद्रकातल्या जनुकावर ठरतात, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणून नातं पक्कं करताना दोन्ही डीएनए तपासतात.

गैरसमज ४ : डीएनएसाठी फुलपाखरू मारावंच लागतं, आणि चाचणी केली की नाव आपोआप कळतं.

वस्तुस्थिती : एखादा पायही पुरतो. अळीचा नमुनाही चालतो, कारण कोशात रूप पालटतं, डीएनए तोच राहतो. मात्र संरक्षित जातींचे नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. जात ओळखण्यासाठी मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी पुढे आणलेला हा ‘डीएनए बारकोड’. पण तो जुळवून पाहायला आधी कुणीतरी अचूक ओळखलेला नमुना संग्रहात असावा लागतो. ती ओळख पटवायला आजही पंखांची नक्षी, अळीची खाद्यवनस्पती, ठिकाण आणि तारीख यांच्या नोंदी लागतात.