वस्तीतील अंगणवाडी : तोंडी नको, लेखी मागा!

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणात रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. सरकार तो उचलत नाही तोवर त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाने काही भार सोसलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मजूरमंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा आणल्या. जयंतीच्या भाषणांतून हे बाबासाहेब आपल्याला फारसे भेटत नाहीत.

आज नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २०१७ साली ती १२ आठवड्यांवरून वाढविण्यात आली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्या वस्तीतील किती भगिनींना ती मिळते? चार घरची धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई कोणाकडे रजेचा अर्ज देणार? तिच्या बाळासाठी सरकारची जी एक व्यवस्था दारापर्यंत येऊ शकते, ती म्हणजे अंगणवाडी.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी बालकास दवाखान्यात पाठविणे, शाळापूर्व शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याचे मार्गदर्शन अशा सहा सेवा तिच्यात आहेत. अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी, असे समजणे चूक आहे.

परंतु अनेक गावांत अंगणवाडी गावठाणात आणि आपली वस्ती ओढ्यापलीकडे अशी स्थिती असते. तीन वर्षांचे पोर एकटे तिकडे कसे जाणार? आई सकाळीच कामावर जाते. मग थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याला कडेवर घेऊन बसते. अंगणवाडी नसल्याने एकाच घरातील दोन मुलांचे नुकसान होते. धाकट्याचा आहार बुडतो आणि थोरलीचे शिक्षण. मुलींच्या गळतीवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कायदा काय म्हणतो? अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी उघडण्याचा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने या वस्त्यांना प्राधान्य द्यावयास सांगितले. तसेच ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील ग्रामस्थांनी वा झोपडपट्टीवासीयांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी, असे ठरवून दिले. त्यानंतर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीमार्फत मोफत आहार हा हक्कच केला.

मग अडते कोठे? आम्ही कचेरीत कागद हाताळणारी माणसे. आमचा अनुभव असा की तोंडी मागणी त्याच दिवशी विरते आणि बारनिशीत नोंदलेल्या कागदाला केव्हातरी उत्तर द्यावेच लागते. म्हणून विहारातील महिला मंडळाने पुढीलप्रमाणे काम करावे, असे आम्ही सुचवितो.

प्रथम घरोघर जाऊन सहा वर्षांखालील बालकांची यादी करावी. नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचे नाव आणि सध्याच्या अंगणवाडीचे अंतर लिहावे. जन्मतारीख लसीकरणाच्या कार्डावर मिळते. गरोदर व स्तनदा मातांची यादी वेगळी करावी. अर्ज तालुक्याच्या किंवा नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लिहावा. त्यात 'अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती' असा स्पष्ट उल्लेख करून वरील आदेशांचा व कायद्याचा हवाला द्यावा. ग्रामीण भागात ग्रामसभेचा ठराव जोडावा व एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. तीन महिन्यांत हालचाल न झाल्यास त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. तरीही उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. बालके ४० पेक्षा कमी असली तरी गप्प बसू नये. वस्तीतच आहार पोहोचविण्याची मागणी करावी.

याबरोबर धोरण बदलण्याचा आग्रहही धरला पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर मातेला किमान ६,००० रुपये प्रसूतिलाभ सांगितला आहे. त्यासाठीच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या बाळंतपणास ५,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा झाला म्हणून आईचे अंग दुखत नाही काय? कायद्यातली पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे. दुसरे, अंगणवाडी काही तासांत बंद होते, आईचे काम संध्याकाळपर्यंत चालते. म्हणून अंगणवाडीला जोडून पाळणाघर हवे. तिसरे, हा सारा डोलारा जिच्या खांद्यावर आहे त्या सेविकेला व मदतनीस बाईंना मानधनाऐवजी वेतन मिळावे. त्यांना उपदान मिळविण्याचा हक्क आहे हेसुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले!

आमचे काही नोकरदार बांधव म्हणतील, आमची मुले इंग्रजी शाळेत जातात, आम्हाला अंगणवाडीशी काय कर्तव्य? त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रविवारचे दोन तास द्यावेत. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

जनतेचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेच्या ४७ व्या कलमात लिहिले आहे. अशा मार्गदर्शक तत्त्वांविषयी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की, ती मोडल्याबद्दल सत्ताधाऱ्याला न्यायालयात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. तेव्हा मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारासमोर आपल्या बालकांची यादी ठेवू या आणि अंगणवाडी केव्हा, एवढेच विचारू या.

जयभीम!