पॅकेजांचे परावलंबन: लिनक्स सर्व्हरची तीस वर्षे

लिनक्स सर्व्हरवर कोणताही प्रोग्राम एकटा येत नाही. वेब सर्व्हरला ओपनएसएसएल लागते, ओपनएसएसएलला सी लायब्ररी, आणि बहुतेक वेळा तिची आवृत्तीही ठरलेली असते. या डिपेंडन्सी सांभाळण्याचा प्रश्न सुरुवातीला सगळे भाग मिळवण्याचा होता. आज तो कमीत कमी भागांत काम भागवण्याचा झाला आहे.

१९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले आणि पुढे त्यात डीपीकेजी आले. १९९५ मध्ये रेड हॅटने आरपीएम आणले. कोणता भाग कमी आहे हे ही साधने सांगत, पण तो आणून देत नसत. भारतात तेव्हा इंटरनेट महाग आणि संथ होते. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीडी हाच अनेकांचा आधार होता. हवी ती लायब्ररी सीडीवर नसली की काम तिथेच अडे. वैतागलेला अ‍ॅडमिन मग तपासणी डावलून पॅकेज जबरदस्तीने बसवी, आणि त्याची किंमत पुढच्या अपग्रेडच्या वेळी मोजावी लागे. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी आले, काही वर्षांनी आरपीएमच्या जगात यम आले. रिपॉझिटरीतून साखळीतले सगळे भाग आपोआप उतरू लागले.

सोय झाली तशी एक नवी जोखीमही आली. एका आज्ञेवर पन्नास फाइली उतरत असतील तर त्या खऱ्या कशावरून? नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्याच काही सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. पॅकेजांच्या साठ्याला धक्का लागला नाही, पण डिजिटल सहीची तपासणी एपीटीमध्ये हवी हे पटायला तेवढे पुरेसे होते. ती २००७ च्या डेबियन ४.० सोबत स्थिर आवृत्तीत आली. सहीसुद्धा सर्वस्व नाही, हे २००८ ने दोनदा दाखवले. मे महिन्यात उघड झाले की डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली केलेल्या एका किरकोळ दुरुस्तीमुळे गुप्त किल्ल्यांची विविधता जवळजवळ संपली होती. प्रत्येक प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या होत्या. पॅकेज अस्सल होते, सहीही बरोबर होती, चूक आतल्या कोडमध्ये होती. ऑगस्टमध्ये रेड हॅटच्या यंत्रणेत घुसलेल्याने तर ओपनएसएसएचच्या काही पॅकेजांवर कंपनीचीच सही करून घेतली.

फेब्रुवारी २००९ च्या डेबियन ५.० पासून एपीटी ‘शिफारस’ केलेली पॅकेजेही मुळातच बसवू लागले. डेस्कटॉपला हे बरे, सर्व्हरला नाही. मराठी दाखले किंवा पावत्यांची पीडीएफ काढणाऱ्या सर्व्हरचे उदाहरण घेता येईल. देवनागरीसाठी तिथे लोहित फॉन्ट पुरतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला हा फॉन्टसंच रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ एवढे एकच छोटे पॅकेज घेतले की काम होते. त्याऐवजी ‘फॉन्ट्स-इंडिक’ मागितले तर बंगालीपासून मल्याळमपर्यंत सगळ्या लिप्या सर्व्हरवर हजर होतात. फॉन्टने फारसे नुकसान होत नाही, पण हीच सवय नेटवर्कवर कान देऊन बसणाऱ्या सेवांबाबत महागात पडते. बसवण्याआधी ‘सिम्युलेट’ पर्याय देऊन काय काय येणार ती यादी वाचणे आणि शिफारशी वगळणे, हे दोन्ही उपाय तेव्हापासून हाताशी आहेत. फार थोडे लोक ते वापरतात.

दरम्यान पायथन आणि नोड यांनी स्वतःचे वेगळे पॅकेज-व्यवस्थापक आणले आणि एकाच सर्व्हरवर दोन कारभारी झाले. पायथनच्या पिपने रूट अधिकारात बसवलेली लायब्ररी सिस्टीमच्या लायब्ररीच्या आड येई आणि भलतीच साधने बंद पडत. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप सिस्टीमच्या जागेत ढवळाढवळ करायला नकार देते आणि वेगळे आभासी वातावरण करायला सांगते. उच्च क्षमतेच्या संगणनात ही फारकत जुनीच आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रणांवर एकाच कंपायलरच्या किंवा लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, आणि वापरणारा आपल्याला हवी ती मॉड्यूल आज्ञेने निवडतो.

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज लेखकाने मागे घेतले आणि हजारो प्रकल्पांची बांधणी थांबली. डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे या जावा लायब्ररीच्या दोषाने आणखी एक आंधळी जागा दाखवली: जावाच्या जार फाइलींच्या पोटात दडलेली लायब्ररी एपीटी किंवा यमला दिसतच नाही. त्याच महिन्याअखेर सेंटओएस ८ चा आधार ठरल्यापेक्षा सुमारे साडेसात वर्षे आधी संपला. सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ पर्यंत मुदत होती. रिपॉझिटरी कोण आणि किती दिवस चालवणार, हाही डिपेंडन्सीचाच भाग आहे, हे अनेक संस्थांना तेव्हा कळले.

सगळ्यात बोलके प्रकरण २९ मार्च २०२४ चे. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड यूटिल्स या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली. प्रकल्पाच्या देखभालीत दोन वर्षे विश्वास कमावलेल्या सहभागीनेच ती घातली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनेच एक्सझेड होते, म्हणून ती वाचली. चाचणीच्या शाखांना मात्र लागण झाली. मुळात ओपनएसएसएचला या लायब्ररीची गरजच नव्हती. डेबियन, फेडोरा आदींनी सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप देण्यासाठी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या मागोमाग एक्सझेडची लायब्ररी आत आली होती. जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तो निरोप देणारा कोड प्रकल्पाने स्वतःच लिहिला आणि त्यासाठी बाहेरची लायब्ररी लागेनाशी झाली.