सायकल घेताना आधी बसून बघा!

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले आणि तपासणीत साखरही वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, नाहीतर सायकल चालवा." आता पहाटे आमच्या रस्त्यावर कुत्र्यांचा उच्छाद आणि संध्याकाळी स्वयंपाकाची घाई. म्हटलं, घरातच व्यायामाची सायकल आणू.

इथेच चूक झाली. दुकानात सवलतीची पाटी दिसली, ह्यांना फोन केला आणि पाच मिनिटांत पैसे देऊन मोकळी झाले. एकदाही बसून बघितलं नाही. माझी उंची जेमतेम पाच फूट. घरी आल्यावर कळलं, सीट अगदी खाली घेतली तरी पाय पेडलला कसेबसे टेकतात. पेडल मारताना कंबर इकडून तिकडे हलायची. आठ दिवसांत कंबर धरली आणि महिन्याभरात सायकलवर टॉवेल वाळायला लागले. सासूबाई आल्यागेल्याला "ही आमची महागाची दांडी" म्हणून दाखवायच्या. खरं सांगते, पैशापेक्षा तेच जास्त लागलं. स्वतःसाठी म्हणून पहिल्यांदाच एवढी मोठी वस्तू घेतली होती, तीही फसली.

शेवटी ती उंच पुतणीला दिली आणि भिशीचे पैसे घालून दुसरी घेतली. या वेळी मात्र दुकानात दहा मिनिटं चालवूनच उठले.

सगळ्यात आधी सीटची उंची बघा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल अगदी खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक राहतो, तेवढाच हवा. सीट फार खाली असली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो.

पाठीचा त्रास असेल तर मागे टेकून बसायची सायकल बरी, फक्त तिला जागा जास्त लागते. जिममधल्या, पुढे वाकून चालवायच्या सायकलीचं चाक जड असतं. त्यातल्या बऱ्याच सायकलींत पाय थांबवले तरी पेडल फिरत राहतं, ब्रेक दाबावा लागतो. घरात लहान मुलं असतील तर जपून!

पेडल जड-हलकं कसं होतं, तेही विचारा. काहींत चाकावर पट्टी घासते. ती झिजते, आवाजही करते. चुंबकाच्या सायकलीत चुंबक चाकाला टेकतच नाही, त्यामुळे आवाज कमी. पहाटे घर झोपलेलं असताना हे फार सोयीचं. किती किलो वजन चालतं आणि दुरुस्तीला माणूस गावात येतो का, हेही विचारून घ्या. पडद्यावरच्या कॅलरींच्या आकड्यावर भाळू नका, तो अंदाजाचाच असतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मी दहा मिनिटांपासून सुरुवात केली. चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पदर, ओढणी आधी खोचून घ्या. साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आणि हो, हाडांसाठी थोडं चालणंही हवंच.

आता जिना चढताना मला कठडा धरावा लागत नाही. टॉवेल पुन्हा दोरीवर गेलेत. आणि परवा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, माझे पाय पुरतात का बघू!"