काट्यावरचे हिरवे आकडे

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सोनं तोललं जात असताना गिऱ्हाइकाची नजर काट्यावरच्या निळसर हिरव्या आकड्यांवरून हलत नाही. अनेक काट्यांत हे आकडे काचेच्या एका चपट्या, निर्वात नळीत उजळतात. तिचं नाव व्हॅक्यूम फ्लुओरोसंट डिस्प्ले, म्हणजे व्हीएफडी. जुन्या व्हीसीआरमध्ये आणि टेपडेकमध्येही हीच असायची. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांकडे सरकतो. तापलेल्या गाडीत एलसीडी काळवंडते, पण या नळीत द्रवस्फटिकच नाहीत, त्यामुळे तिला उन्हाची फिकीर नसते.

जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्समध्ये तादाशी नाकामुरा यांनी १९६७च्या सुमारास ती घडवली. तेव्हाच्या निक्सी नळ्यांना दीडशे व्होल्टच्या वर दाब लागे, हिला पंचवीसेक व्होल्ट पुरत. १९६९ साली शार्पच्या क्यूटी-८डी कॅल्क्युलेटरमध्ये ती बसली.

आत केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा, म्हणजे फिलामेंट, ताणलेल्या असतात. त्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तार सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात, धन दाबाच्या जाळीतून, म्हणजे ग्रिडमधून पार होतात आणि अ‍ॅनोडवरच्या झिंक ऑक्साइडच्या फॉस्फरवर आदळतात. तिथे उजेड पडतो. त्याची तीव्रता ५०५ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक असते, आणि अंधाराला सरावलेला आपला डोळाही ५०७च्या आसपास सर्वांत तल्लख असतो. हा जुळलेला योग मला फार आवडतो.

अडचण येते ती भंगारातून अशी नळी हाती आल्यावर. किती व्होल्ट द्यायचे? नंबर शाबूत असेल तर बरंच कळतं. ‘एफआयपी’ने सुरू होणारी नळी एनईसीची. रशियन लिपीतलं ‘आयव्ही’ दिसलं तर सोव्हिएत बनावट, आणि तिची माहितीपत्रकं आजही मिळतात. उदाहरणार्थ आयव्ही-११ला फिलामेंटसाठी दीड व्होल्ट आणि अ‍ॅनोडसाठी २५ व्होल्ट लागतात. पण एखाद्या कारखान्याने खास आपल्या यंत्रासाठी बनवून घेतलेल्या नळीचं माहितीपत्रक बाहेर आलेलंच नसतं.

अशा वेळी नळी उपटून काढण्याची घाई करू नये. ती ज्या सर्किटवर बसली आहे, तेच तिचं सर्वांत भरवशाचं माहितीपत्रक. सर्किट चालू असेल तर फिलामेंटचा आणि ग्रिडचा दाब तिथेच मोजावा. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात जाऊ देऊ नये. बंद असेल तर शेजारच्या ड्रायव्हर आयसीचा नंबर वाचावा. तिची कमाल मर्यादा कळली की वरची रेषा ठरते.

सर्किटच नसेल, तर नळीलाच विचारायचं. आधी काचेवरचा गेटरचा, म्हणजे उरलासुरला वायू शोषणाऱ्या धातूच्या थराचा, डाग पाहावा. चंदेरी किंवा काळसर असेल तर निर्वात पोकळी टिकून आहे. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आणि खेळ संपला. मग भिंगातून तारांची टोकं शोधावीत. ती बहुधा दोन्ही कडांच्या पिनांना जोडलेली असतात आणि मल्टिमीटरवर त्यांच्यातच काही ओहम दिसतात. थंड असतानाचा रोध टिपून ठेवावा. आता अर्ध्या व्होल्टपासून हळूहळू वर जावं, प्रत्येक पायरीला प्रवाह मोजावा आणि व्होल्टला प्रवाहाने भागून रोध काढावा. तो थंड रोधाच्या जवळपास चौपट झाला की तार योग्य तापमानाला पोचली. अंधाऱ्या खोलीत तार लालसर दिसू लागली तर दाब जास्त झाला, लगेच मागे यावं. यानंतर ग्रिड आणि अ‍ॅनोड एकत्र जोडून बारा व्होल्टपासून सुरुवात करावी. बहुतेक छोट्या नळ्या पंचवीसच्या आत स्पष्ट वाचता येतात. डीसीवर लांब नळीचं एक टोक जास्त उजळ दिसतं, म्हणून तिथे फिलामेंटला एसी देतात.

हे प्रयोग निकामी काट्यावरच करावेत. वापरातल्या काट्यावर वैधमापन खात्याचं सील असतं, आणि दुरुस्ती परवानाधारकाकडूनच व्हायला हवी.

आकडे मंद दिसले म्हणून फिलामेंटचा दाब वाढवू नये. काटा दिवसभर शून्य दाखवत उभा असतो. शून्याच्या सहा रेघांचा फॉस्फर वर्षानुवर्षं झिजतो, मधली आडवी रेघ मात्र फार कमी वेळ पेटते. जुन्या काट्यावर आठचा आकडा आणून पाहा: मधली रेघ बाकीच्यांपेक्षा उजळ दिसली, तर दोष दाबाचा नाही, झिजेचा आहे.